कोणी राहून राहिलं का?

लांजेवार काकाजी बाटली उघडायच्या आधी तिच्यावर टकटक करायचे. बोटाच्या पेराने, तीनदा, शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं. मग कान जरा खाली नेऊन विचारायचे, "कोणी राहून राहिलं का?"

उत्तर यायला हवं तितका वेळ थांबायचेसुद्धा. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. महिनाभराने हसू येईनासं झालं, कारण तोवर मीही त्यांच्याबरोबर थांबायला लागले होते.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. कॅम्प-1 या कामगार वस्तीच्या कडेला पत्र्याच्या छपराचा एक दवाखाना होता. आता तो नाही. त्याच्या मागे काढलेल्या, पत्र्याच्याच दोन खोल्या म्हणजे आमची प्रयोगशाळा; वॉर्ड वरच्या मजल्यावर. दूरवर जमिनीत खांब ठोकायचं काम दिवसभर चालायचं आणि प्रत्येक ठोक्याला आमच्या टेबलावरच्या काचा किणकिणायच्या. लाल धूळ सगळ्यावर बसायची. भाकरीवर, वहीवर, पापण्यांवर.

मी दुर्गच्या लाइनवरच्या गँगमनची मुलगी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली. बी.एस्सी. झाले हे मी तेव्हाही चारचौघांत सांगायचे, आजही सांगते. फुकट मिळालेलं नाही ते. कामावर रुजू झाले तेव्हा काकाजींनी विचारलं, "किती शिकली वं?"

"बी.एस्सी."

"मंग तुह्यं नाव बीएस्सी. दुसरं माह्या ध्यानात नाई राहत."

ते स्वतः गोंदियाकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. चौथीपर्यंत शाळा. लढाईच्या काळात एका लष्करी दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले आणि धुता धुता रक्ताचं सगळं काम शिकले. उंच, वाकलेले, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. चहा बशीत ओतून प्यायचे, आणि पिण्याआधी बशीतही वाकून बघायचे. सवय.

आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दान केलेलं रक्त बाटलीत थंड कपाटात उभं ठेवलं की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर गवताच्या रंगाचं पाणी उरतं. तो प्लाझ्मा. भाजलेल्या माणसाला, रक्त वाहून गेलेल्या बाईला तो चढवतात. सुई-नळीने तो अलगद दुसऱ्या बाटलीत ओढून घ्यायचा. डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण त्याच्याबरोबर काही लाल पेशी चुकून येतातच. त्या किती आल्या ते मोजायचं. रेघा आखलेली एक जाड काच असते, तिच्यावर थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून एकेक चौकट बघायची. चौकटीत एक दिसली म्हणजे बाटलीत हजारो.

या उरलेल्या पेशींना काकाजी पेशी म्हणत नसत. "हे राहून राहिले ते," म्हणत.

मी दुरुस्त करायला गेले. "काकाजी, शिल्लक म्हणा. वहीत तसंच लिहू या."

"शिल्लक भाकर असते. हे तं राहून राहिले. घर खाली कराले सांगितलं, तरी निंघाले नाई. समजली?"

समजले होते. माझी आई हीच भाषा बोलायची, "का करून राहिली वं", "कावून रडून राहिली". पण मी कॉलेजात चार वर्षं घालवून ती जिभेवरून घासून काढली होती आणि ती कोणी परत आणावी असं मला वाटत नव्हतं. त्यामुळे मी रोज टोकत राहिले. काकाजी, राहिलं म्हणा. राहून राहिलं नाही, नुसतं राहिलं. ते हसायचे. "बरं जी, मास्तरीण बाई."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. बाटली वाजवून झाली की कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहायचे, घडी घालून बाटलीच्या गळ्याच्या दोऱ्यात खोचायचे. मोजणी झाल्याशिवाय ती घडी उघडायची नाही. उघडली की आत आकडा. चौकटीत मिळालेला आकडा आणि घडीतला आकडा एकच.

मी विज्ञानाची पदवीधर. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला मी कॉलेजात गेले नव्हते. मला वाटलं, म्हातारा बाटली उजेडात धरून रंगाच्या छटेवरून ताडतो. म्हणून एकदा ते चहाला गेले असताना मी दोन बाटल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या, आणि बाटल्यांना बाहेरून कागद गुंडाळला. छटा दिसायलाच नको.

ते आले. पहिल्या बाटलीवर टकटक केली. थांबले. परत टकटक केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अदलाबदल केली तं सांगाचं होतं वं. ते गोंधळून राहिले ना."

कपट्यावर त्यांनी अकरा लिहिलं होतं. मी मोजले, अकरा. परत मोजले. अकरा.

"कसं कळतं तुम्हाला?"

"मी विचारतो. तू नाई विचारत."

काचेवरच्या रेघांचा एक नियम आहे. तो पुस्तकातही आहे, त्यांनी बनवलेला नाही. पेशी चौकटीच्या वरच्या किंवा डाव्या रेघेवर असली तर ती आत धरायची, खालच्या किंवा उजव्या रेघेवर असली तर बाहेर. नाहीतर एकच पेशी दोन घरांत मोजली जाते. काकाजी त्या रेघांना उंबरठा म्हणायचे. आणि हलणारी पेशी कधीच मोजायचे नाहीत. खांब ठोकल्याच्या धक्क्याने पेशी रेघेवर थरथरायची. मी लगेच आकडा टाकायला जायचे, तर ते माझं मनगट धरायचे. "थांब. त्याले ठरवू दे."

हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. प्रयोगशाळेच्या दारात कोणी उभं राहिलं, मग तो डॉक्टर का असेना, की काकाजी मान वर न करता विचारायचे, "आत का बाहेर?" दारातल्या माणसाशी ते बोलत नसत.

एका उन्हाळ्यात उंचावर लोखंड बांधणारा एक तरुण गडी रक्त देऊन गेला. हसरा होता. सुई टोचताना मला म्हणाला, "दीदी, थोड़ा छोड़ देना मेरे लिए." पाचव्या दिवशी तो वरून पडून गेला. त्याच्या रक्ताचा प्लाझ्मा आम्ही त्यानंतर काढला. भरदुपार होती, पत्रे तापून कडकड वाजत होते. काकाजींनी थेंब काचेवर सोडला आणि बराच वेळ बघत बसले. मग मला सूक्ष्मदर्शकाशी जागा दिली, बघ म्हणून. "पाय."

मी पाहिलं. चार पेशी. गोल, ताज्या, कडा चमकत असलेल्या.

"माणूस गेला," काकाजी म्हणाले. "त्याले जाळून आले सारे. अन् हे चौघं अजून राहून राहिले. कोणी त्याईले सांगतलंच नाई."

त्या उकाड्यात माझ्या हातावर काटा आला. त्यांनी काच धुतली नाही. संध्याकाळपर्यंत ती खिडकीशी तशीच ठेवली आणि मग स्वतःच्या हाताने, सावकाश, धुतली.

आता माझ्या चुकीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय काकाजी पुरे होत नाहीत.

कॅम्पातल्या एका खलाशाची, म्हणजे अवजड लोखंड ओढणाऱ्या मजुराची, बायको दुलारी, एकोणीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेली. शेगडीवर पदर पेटून भाजली. दवाखान्यात आणली तेव्हा शुद्धीत होती. रक्त तपासलं तर आरएच निगेटिव्ह. शंभरात थोड्यांचंच असतं ते. अशा बाईच्या अंगात आरएच पॉझिटिव्ह माणसाच्या लाल पेशी गेल्या, अगदी थोड्या गेल्या, तरी तिचं शरीर त्यांच्याशी वैर धरतं आणि ते वैर विसरत नाही. पुढे पोटातल्या बाळाचं रक्त बापासारखं पॉझिटिव्ह निघालं, तर आईचंच रक्त त्या बाळाला मारतं. म्हणून अशा बाईसाठीचा प्लाझ्मा तीनदा काचेवर घ्यायचा आणि तिन्ही वेळा चौकटी रिकाम्या हव्यात. हा काकाजींचा नियम होता, आणि तो ते कोणासाठीही मोडत नसत.

गट जुळणाऱ्या, पण पॉझिटिव्ह माणसांच्या, दोन बाटल्या होत्या. पहिली मी मोजली. आठ पेशी. वहीत आठ लिहिलं आणि बाटली बाजूला ठेवून दुसरी घेतली. डॉक्टर वरून ओरडत होते, "प्लाझ्मा भेजो, जल्दी!" काकाजी आतल्या खोलीत नळ्या उकळत होते. तिथून त्यांनी विचारलं, "पहिलीचं राहिलं का?"

नुसतं राहिलं. राहून राहिलं नाही. माझ्या वर्षभराच्या टोकण्याने म्हातारा सुधारला होता.

मला वाटलं, मोजायचं राहिलं का, असं विचारतायत. मी म्हटलं, "नाही, राहिलं नाही."

त्यांनी ऐकलं, पेशी राहिल्या नाहीत. त्यांनी येऊन सही केली आणि बाटली वर गेली.

दुसऱ्या बाटलीची तिसरी काच बघून मी मान वर केली तर टेबलावर पहिली बाटली नव्हती. काकाजी वहीसमोर उभे होते. बोट आठावर. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. ते धावले. साठीला आलेला तो वाकलेला माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

मी दुसरी बाटली छातीशी धरून मागे गेले. ती तिन्ही वेळा रिकामी निघाली होती. वर पोचले तर काकाजींनी नळी मुठीत चिमटून धरली होती आणि डॉक्टर संतापले होते. "मर जाएगी वो! पागल हो क्या, लांजेवार?"

"इसको निकालो, साब. ये दूसरी लगाओ. इसमें लोग हैं."

लोग हैं, असंच म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, पहिली बाटली चूक गेली. चूक माझी." बाटली बदलली. पहिलीतलं किती आत गेलं होतं? नळीत भरलेलं, आणि थोडे थेंब. दुलारी काकाजींकडे टक लावून बघत होती. तिला वाटलं असेल, हा माझ्या तोंडचा घास का काढतोय.

ती वाचली. तिची पोरं वाचतील की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर काकाजी मला घरी घेऊन गेले. आधी कधी नेलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, सारवलेलं. मी दारात चप्पल काढत थबकले तर आतून काकीजींचा आवाज आला, "आत का बाहेर वं?" मी आत गेले. काकीजींच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना वण होता, चुरगळलेल्या कागदासारखा.

भिंतीशी तीन लहान पाट मांडलेले होते. वीतभर रुंदीचे. प्रत्येकासमोर एक वाटी, पाण्याने भरलेली. घरात मूल नव्हतं.

काकाजी खाली बसले आणि त्यांनीच सांगितलं. "हिले भाजलं तवा मी लष्करी दवाखान्यात होतो. बाटली माह्याच हातची, अन् हिचं रक्त बी निगेटिव्ह. तवा कोणी मोजत नव्हतं. कोणाले माहीतच नव्हतं. मंग तीन लेकरं झाली. तिन्ही पिवळी. हळद लावल्यावानी. एक दोन दिवस, एक चार दिवस, एक तं…" त्यांनी शेवटची वाटी जरा सरळ केली. "पाच वर्सांनी एका डाक्टरनं सांगतलं, काहून मेली ते."

काकीजी एका वाटीतलं पाणी बदलत होत्या. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "मेली नाई. राहून राहिली."

मला तिथे रडू फुटलं. म्हटलं, "काकाजी, मी तुमची भाषा सुधारत बसले."

"तुही चूक अर्धी. अर्धी माही. वही न पाहता सही केली मी." मग म्हणाले, "पण तो शब्दच रिकामा होता, बीएस्सी. त्यातून तू राहणं काढून टाकलं, मंग त्यात कोण राहीन?"

त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेत आईची भाषा बोलायला लागले.

वर्षाने दुलारीला दिवस गेले. काकाजी दर महिन्याला तिचं रक्त तपासायचे. तिच्या रक्तातलं पाणी घ्यायचं, त्यात दुसऱ्याच्या पॉझिटिव्ह लाल पेशी सोडायच्या आणि वाट बघायची. गुठळी झाली तर वैर धरलंय. गुठळी झाली नाही तर सुटलो. काकाजी ती नळी अर्धा अर्धा तास हातात धरून बसायचे. दुलारी बाकावरून विचारायची, लेकरू वाचेल ना म्हणून, "मोर लइका बाँचही न, कका?" ते नळीवर हळूच टकटक करायचे.

आठव्या महिन्यापर्यंत गुठळी नव्हती.

नववा महिना लागला तेव्हा काकाजींनी स्वतःचं रक्त दिलं. त्यांचं वय झालं होतं, डॉक्टर नको म्हणत होते. "तिच्या गटाची बाटली कपाटात एक बी नाई," म्हणाले. "माहा गट तोच हाये. पॉझिटिव्ह हाये, पण पाणी तं चालन." सुई मीच टोचली. बाटली भरली तेव्हा त्यांनी तिच्यावर टकटक केली, नेहमीसारखं विचारलं, थांबले, आणि कपट्यावर लिहून, घडी घालून ती दोऱ्यात खोचली. "मोजल्यावर उघडजो."

आठवड्याने, सकाळी आंघोळ करून बसले आणि गेले. काकीजींनी मला एवढंच सांगितलं, "पाणी मागतलं, अन् मी येईस्तोवर गेले."

त्यानंतर पाचव्या दिवशी दुलारीला कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. लालबुंद, मुठी आवळून ओरडणारा. मी वर जाऊन स्वतः खिडकीच्या उजेडात त्याला बघून आले. दुलारी विचारत होती, पिवळा तर नाही ना, "पिंवरा तो नइये न, दीदी?" मी म्हटलं, नाही. तोवर तिचं रक्त थांबेना. तिच्या गटाचं निगेटिव्ह रक्त दुर्गहून यायला वेळ होता, तोवर प्लाझ्मा हवा होता. आणि कपाटात तिच्या गटाची एकच बाटली होती.

मी काकाजींच्या बाटलीतून प्लाझ्मा ओढून घेतला. हात कापत नव्हते, हे मी अभिमानाने सांगते. पहिली काच रिकामी. दुसरी रिकामी. तिसऱ्या काचेवर, पहिल्याच चौकटीच्या डाव्या रेघेवर, एक पेशी होती.

खांबाच्या प्रत्येक ठोक्याला ती थरथरत होती. तिथेच रेघेवर स्थिरावली असती तर नियमाने आत. मग बाटली द्यायची नाही. वर दुलारीचं रक्त वाहत होतं. दारात आया उभी राहिली. "बहनजी, डॉक्टर साहब बुला रहे हैं."

मी मान वर न करता म्हटलं, "अंदर या बाहर?" ती घाबरून बाहेर गेली.

मी त्याला ठरवू दिलं. काचेवर डोळा ठेवून मी हळूच विचारलं, "काकाजी, आत का बाहेर?"

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. खांब ठोकणं थांबलं. टेबल थांबलं, काचा थांबल्या, सगळी भिलाई एका क्षणासाठी गप्प झाली. आता हलवणारं काहीच उरलं नव्हतं. आणि तेव्हा ती पेशी हलली. घाई न करता, एखादा माणूस दार मागे ओढून घेत निघतो तशी, रेघेवरून डावीकडे, चौकटीच्या बाहेर गेली. मी काच सरकवून तिच्या मागे गेले. शेजारच्या घरात नव्हती. सगळ्या रेघा पालथ्या घातल्या, काठापर्यंत. ती कुठेच नव्हती.

बाटली वर गेली. दुलारी वाचली. पुढे तिला आणखी दोन मुलं झाली, दोन्ही तशीच ओरडणारी.

बाटली वर पाठवल्यावर मी ती घडी उघडली. आधी नाही, शपथेवर सांगते. त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, "कोणी नाई. घरी गेला."

त्या दुपारी मी काकीजींना मुलगा झाल्याचं सांगायला गेले. दार उघडंच होतं. मी उंबरठ्याशी थबकले नाही, सरळ आत गेले. काकीजी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भिंतीशी तीन लहान पाटांच्या शेजारी चौथा पाट मांडलेला होता, मोठ्या माणसाचा. त्याच्यासमोर बशी होती. बशीत चहा होता आणि चहावरची साय अजून हलत होती.